मंगळावर उडालेलं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर

९ एप्रिल २०२१ चा शुक्रवार. मंगळावरच्या जेझेरो विवरात इन्जेन्युइटी नावाचं १.८ किलोचं हेलिकॉप्टर जमिनीवर उभ्या उभ्या पाती पूर्ण वेगाने फिरवून बघणार होतं. दोन दिवसांनी पहिलं उड्डाण ठरलेलं. पण चाचणी मध्येच थांबली. संगणक 'उड्डाणापूर्वी' या अवस्थेतून 'उड्डाण' या अवस्थेत जायला निघाला, तेवढ्यात वॉचडॉगची मुदत संपली आणि आज्ञांची मालिका तिथेच तुटली. वॉचडॉग म्हणजे राखणदार घड्याळ. ठरावीक वेळात अपेक्षित खूण मिळाली नाही, तर कुणाचंही न ऐकता तो काम बंद पाडतो.

पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या, म्हणजे जेपीएलमधल्या चमूपुढे दोन वाटा होत्या. एक, हेलिकॉप्टरचं सॉफ्टवेअरच बदलून टाकायचं. दुसरी, सॉफ्टवेअरला हात न लावता पृथ्वीवरून जाणाऱ्या आज्ञांच्या यादीत थोडा फेरफार करून वेळ जुळवायची. ही दुसरी वाट शंभरात ८५ वेळा चालेल, असा चाचण्यांवरून त्यांचा अंदाज होता. त्यांनी तीच धरली. १९ एप्रिलला हेलिकॉप्टर ३ मीटर उंच उठलं, ३९ सेकंदांनी उतरलं. २९ एप्रिलला चौथ्या उड्डाणाच्या वेळी उरलेल्या १५ मधली एक वेळ आली, यंत्र जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करून बघितलं, उडालं. पाच उड्डाणांच्या बोलीवर गेलेलं ते यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडालं.

त्या हेलिकॉप्टरचं उड्डाण सॉफ्टवेअर ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभं होतं, त्याचं नाव एफ प्राइम. जेपीएलने ते बनवलं आणि २०१७ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर ते एका दुपारी उभं राहतं. कोणती आज्ञा टाईप करायची हे प्रकल्पाच्या माहितीपत्रकात नीट लिहिलेलं आहे, ते मी इथे उतरवून काढणार नाही. पण सेटअप करताना हे फ्रेमवर्क इतके प्रश्न का विचारतं, आणि एवढ्याशा 'हॅलो'साठी इतकी तयारी का करून घेतं, ते समजलं नाही तर माणूस तिसऱ्याच पायरीवर वैतागून लॅपटॉप मिटतो. मी मिटला होता.

यानातलं घरकाम

अंतराळयानाचं सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्याला कक्षेची गणितं, दिशा ओळखणं, स्वतःहून उतरणं असलं काहीतरी आठवतं. ते असतंच. पण त्याच्या खाली घरकामाचा मोठा पसारा असतो. जमिनीवरून आलेली आज्ञा ऐकायची, ती योग्य विभागाकडे पोचवायची, झाली की नाही ते परत कळवायचं. तापमान, बॅटरी, दाब यांची आकडेवारी गोळा करून खाली पाठवायची. काही घडलं की नोंद ठेवायची. फाईल वर घ्यायच्या, खाली द्यायच्या. वेळ सांभाळायची. आणि सगळे विभाग जिवंत आहेत ना, ते बघत राहायचं.

हे काम चंद्रावर जाणाऱ्या यानालाही लागतं आणि हातात मावणाऱ्या उपग्रहालाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला; वजन एक किलोच्या आतबाहेर. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला. त्या वेळी एफ प्राइम खुलं झालेलं नव्हतं. आज एखाद्या कॉलेजातल्या गटाने उपग्रह करायचं ठरवलं, तर घरकामाचा हा पसारा त्यांना तयार मिळतो आणि त्यांचा वेळ त्यांच्या उपकरणावर खर्च होऊ शकतो. एफ प्राइमचा रोख पहिल्यापासून असल्याच लहान यानांवर आणि उपकरणांवर आहे. जेपीएलचा ॲस्टेरिया हा छोटा उपग्रह २०१७ मध्ये अवकाश स्थानकातून सोडला गेला, तोही याच फ्रेमवर्कवर चालला.

इन्जेन्युइटीची गंमत आणखी वेगळी. त्याच्या पोटात स्नॅपड्रॅगन ८०१ होता, म्हणजे २०१४ च्या आसपासच्या मोबाईल फोनमधली चिप, आणि त्यावर लिनक्स. त्याला मंगळावर घेऊन गेलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीचा मुख्य संगणक किरणोत्सर्गाला पुरून उरणारा, पण २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. सोबतचं छोटं यंत्र गणितात कितीतरी चपळ. आपल्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एवढीच की, जे सॉफ्टवेअर फोनच्या चिपवर आणि लिनक्सवर मंगळावर चाललं, ते तुमच्या टेबलावर न चालायला काहीच कारण नाही.

मांडामांड

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर उत्तम. मॅकही चालतो. विंडोज असेल तर त्याच्या आत लिनक्स चालवायची जी सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे, डब्ल्यूएसएल, ती सुरू करून घ्या. मग गिट (कोड उतरवून घेणारं आणि त्याच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन), सी-प्लस-प्लसचा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारा), सी-मेक (बांधकामाची आखणी करणारं) आणि पायथन. पायथनसोबत पिप (पायथनची साधनं टाकणारं) आणि 'व्हेन्व्ह' (पायथनची वेगळी खोली करणारं) आहेत ना, हे आधीच बघा. उबुंटूवर 'व्हेन्व्ह' वेगळं टाकावं लागतं आणि पहिली ठेच हमखास तिथेच लागते.

यानंतर पिपने 'एफप्राइम-बूटस्ट्रॅप' हे छोटं साधन टाकायचं आणि 'एफप्राइम-बूटस्ट्रॅप प्रोजेक्ट' अशी आज्ञा द्यायची. (टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत, मी इथे उच्चार लिहितोय.) ते प्रकल्पाचं नाव विचारतं, त्या नावाचा फोल्डर करतं, एफ प्राइमचा कोड त्यात गिटमार्फत उतरवून घेतं, आणि त्याच फोल्डरात पायथनची वेगळी खोली तयार करतं. वेगळी खोली का? कारण जमिनीवरची साधनं एफ प्राइमच्या नेमक्या आवृत्तीशी जुळलेली असतात. उद्या तुम्ही दुसऱ्या कामासाठी पायथनमध्ये काही नवं टाकलं, तर त्याचा धक्का इथे लागू नये. या खोलीत शिरायला दरवेळी 'ॲक्टिव्हेट' करावं लागतं. नवं टर्मिनल उघडलं, 'कमांड नॉट फाउंड' आलं, की घाबरू नका. खोलीच्या बाहेर उभं राहून हाका मारताय, एवढंच.

पुढे 'एफप्राइम-युटिल जनरेट' आणि मग 'एफप्राइम-युटिल बिल्ड'. पहिली आज्ञा बांधकामाची आखणी करते, दुसरी प्रत्यक्ष बांधते. पहिला बिल्ड वेळ खातो, कारण घरकामाचे सगळे विभाग तेव्हा एकदम कंपाइल होतात. चहा करून या. नंतरचे बिल्ड फक्त बदललेल्या भागाचे असतात.

इथपर्यंत सगळं कुठल्याही सॉफ्टवेअरसारखंच. खरी ओळख पुढे होते.

पॉइंट, प्लग आणि वायरमन

एफ प्राइममध्ये सगळं काम 'कंपोनंट' नावाच्या तुकड्यांत वाटलेलं असतं. थर्मामीटर वाचणारा एक, आज्ञा वाटणारा एक, नोंदी ठेवणारा एक. हे तुकडे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. प्रत्येकाला फक्त स्वतःचे 'पोर्ट' माहीत असतात.

घराच्या लाईट फिटिंगचं उदाहरण घ्या. आपण वायरमनला सांगतो, 'इथे एक पॉइंट द्या.' भिंतीतल्या त्या पॉइंटला उद्या टेबलफॅन लागणार की फोनचा चार्जर, याची चिंता नसते. पंख्यालाही वीज कोयनेची की चंद्रपूरची, याच्याशी देणंघेणं नसतं. मात्र गिझरचा १५ अँपिअरचा जाड प्लग ५ अँपिअरच्या सॉकेटात घुसत नाही, आणि तो घुसत नाही हेच बरं. पोर्टचं अगदी असंच आहे. प्रत्येक पोर्टला प्रकार असतो. तापमान देणारा पोर्ट फाईल घेणाऱ्या पोर्टला जोडायला गेलात, तर यान सोडाच, बिल्डसुद्धा पुढे सरकत नाही.

कुठला पोर्ट कुठे जोडला, याचा नकाशा म्हणजे 'टोपोलॉजी'. कंपोनंट, पोर्ट आणि हा नकाशा लिहायला एफपीपी नावाची छोटी वेगळी भाषा आहे. पूर्वी हे एक्सएमएल नावाच्या किचकट खुणांच्या भाषेत लिहावं लागे, ते बघितलेल्या माणसाला एफपीपीची किंमत कळते. तुम्ही एफपीपीत लिहायचं: माझा कंपोनंट या नावाचा, याला ही आज्ञा कळते, हा असा निरोप पाठवतो, हा आकडा मोजतो. त्यावरून सी-प्लस-प्लसचा सगळा कंटाळवाणा भाग यंत्र लिहून देतं. मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या तुम्ही भरायच्या.

'एफप्राइम-युटिल न्यू' वापरून नवा कंपोनंट मागितला की प्रश्नांची सरबत्ती होते. त्यातला एक प्रश्न सगळ्यांना अडवतो: पॅसिव्ह, क्यूड की ॲक्टिव्ह?

सरकारी कचेरी डोळ्यांपुढे आणा. पॅसिव्ह म्हणजे टेबलावरचा कॅल्क्युलेटर. ज्याला गरज आहे त्याने यावं, स्वतःच्या बोटाने बटणं दाबावी, उत्तर घेऊन जावं. ॲक्टिव्ह म्हणजे खुर्ची-टेबल असलेला कारकून: समोर अर्जांची पेटी, लोक अर्ज टाकून आपल्या कामाला निघून जातात आणि हा एकेक काढून निपटतो. क्यूड हा मधला प्रकार. पेटी आहे, पण स्वतःची खुर्ची नाही. साहेब येऊन 'चल, पेटी रिकामी कर' म्हणाले की मगच हात हलतो.

पेटी आली की पुढचा प्रश्न आला, आणि मला वाटतं या फ्रेमवर्कचा सगळा स्वभाव त्या प्रश्नात दिसतो. पेटी भरली तर काय? आपल्या रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही, मेमरी भरपूर असते, पेटी वाढत जाते. इथे पेटीचा आकार आधीच ठरवून द्यावा लागतो आणि भरल्यावर काय करायचं तेही एफपीपीत लिहून ठेवता येतं. नवा अर्ज गुपचूप फेकून द्या, किंवा अर्जदाराला जागा होईपर्यंत थांबवून ठेवा, किंवा सरळ आरडाओरडा करून सगळं थांबवा. काहीच लिहिलं नाही तर तिसरा पर्याय लागू होतो. नवख्याला हे अतिरेकी वाटतं. पण विचार करा: पेटी भरली याचा अर्थ तुमचा अंदाज चुकला. तो चुकला हे टेबलावर कळलेलं परवडतं. म्हणून गप्प राहणं इथे मागून घ्यावं लागतं, ते आपोआप मिळत नाही.

मेमरीबद्दलही हीच कडकाई. जेपीएलच्याच गेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी दहा नियम मांडले होते. त्यातला एक असा की, सुरुवातीची मांडणी झाल्यावर नव्याने मेमरी मागायची नाही. लग्नाच्या पंगतीत पानं आधी मांडतात, मग माणसं बसवतात. जेवण चालू असताना कुणी पाट घेऊन मधे घुसत नाही. एफ प्राइमही त्याच वळणाचं आहे. लागणारे बफर, म्हणजे मेमरीचे राखीव तुकडे, सुरुवातीलाच मोजून बाजूला काढायचे, काम झालं की परत द्यायचे. परत द्यायला विसरलात तर काही वेळाने पानं संपतात आणि तुम्हाला तसं कळतं.

लय

यानातली बरीच कामं ठरावीक अंतराने करायची असतात. त्यासाठी 'रेट ग्रुप' आहेत. मुळात एकच ठोका असतो, समजा सेकंदाला एक. त्या ठोक्याला भागून वेगवेगळ्या लयी काढतात: बरोबरीची, निमपट, पावपट. तबल्याची ओळख असलेल्यांना वेगळं समजवायला नको. ज्याला ज्या लयीत चालायचं त्याने त्या रेट ग्रुपला आपला पोर्ट जोडायचा. समेवर यायला उशीर झाला, म्हणजे मागच्या ठोक्याचं काम संपायच्या आत पुढचा ठोका पडला, तर 'सायकल स्लिप' म्हणून नोंद होते.

लयीची चूक किती महागात पडते, ते इन्जेन्युइटीच्या सहाव्या उड्डाणात दिसलं. २२ मे २०२१. हेलिकॉप्टरचा खाली बघणारा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं काढत होता आणि प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का. उड्डाण सुरू होऊन सुमारे ५४ सेकंद झाले असताना एक चित्र हरवलं. एकच. पण त्यामुळे पुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसत गेला. दिशा ठरवणाऱ्या गणिताला वाटे की आपण भलतीकडेच आहोत. ते दुरुस्ती करी, आणि हेलिकॉप्टर पुढेमागे झोके खाऊ लागलं. तरीही ते ठरल्या जागेपासून साधारण पाच मीटरच्या आत उतरलं. एक कारण असं की, उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याचं ऐकायचंच नाही, असं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. या घटनेचा दोष फ्रेमवर्कच्या माथी मारण्यासाठी मी ती सांगत नाही. पण रेट ग्रुपची जोडणी लिहिताना हात जरा जपून चालावा, म्हणून ही गोष्ट लक्षात असलेली बरी.

तारेतले आकडे

आता 'न्यू' वापरूनच 'डिप्लॉयमेंट' तयार करायचं. डिप्लॉयमेंट म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम: कुठले कंपोनंट घ्यायचे, त्यांची जोडणी कशी, जमिनीशी बोलायला टीसीपी, म्हणजे नेटवर्क, की सिरियल तार. घरकामाचे विभाग त्यात आधीच जोडून मिळतात. आपला कंपोनंट मात्र आपण टोपोलॉजीत लिहून घ्यायचा. ही पायरी माझ्याकडून पहिल्यांदा राहिली होती. कंपोनंट लिहिला, बिल्ड झाला, एकही चूक नाही. आणि पडद्यावर माझ्या आज्ञेचा पत्ता नाही. गिझर विकत आणून ठेवला आणि पाणी तापत नाही म्हणून तक्रार करावी, तसला प्रकार. प्लग लावलाच नव्हता.

पुन्हा बिल्ड करून 'एफप्राइम-जीडीएस' चालवलं की जमिनीवरचं केंद्र सुरू होतं. ते ब्राउझरमध्ये उघडतं, तुमच्याच संगणकाच्या ५००० क्रमांकाच्या पोर्टवर. आज्ञा देण्याचा एक पडदा, घडामोडींचा एक, आकड्यांचा एक, फाईल वर-खाली करायला वेगळे. वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसली, की यान आणि जमीन बोलतायत. यानही याच लॅपटॉपवर आहे, हे तेवढ्यापुरतं विसरायचं.

पहिली आज्ञा 'नो-ऑप' द्यायची. नो-ऑप म्हणजे काहीही करू नकोस, फक्त मिळाली एवढं सांग. काहीच न करणारी आज्ञा निरुपयोगी वाटेल, पण फोन लागल्यावर आपण आधी 'हॅलो, ऐकू येतंय का?' म्हणतो, ते काय कामाचं असतं? नो-ऑप गेली आणि परत आली म्हणजे जाणारी वाट, आज्ञा वाटणारा विभाग, नोंदी ठेवणारा विभाग आणि येणारी वाट, चारही ठीक आहेत.

घडामोडींच्या पडद्यावर 'नो-ऑप रिसीव्हड' असं वाक्य उमटतं. पण ते वाक्य यानाने पाठवलेलंच नसतं. आपल्याकडे तारसेवा होती तेव्हा, म्हणजे २०१३ पर्यंत, शुभेच्छांच्या तारांना ठरीव क्रमांक असत. तुम्ही पोस्टात फक्त क्रमांक लिहून द्यायचा. तारेतून तेवढाच जाई आणि पलीकडचं पोस्ट आपल्या यादीत बघून दिवाळीच्या किंवा लग्नाच्या शुभेच्छांचं पूर्ण वाक्य कागदावर उमटवी. शब्दांचे पैसे वाचत. यान हेच करतं. आज्ञा, घडामोडी, मोजमापं, सगळ्यांना क्रमांक असतात. वाटेवरून फक्त क्रमांक आणि किमती जातात. वाक्यं जमिनीवरच्या 'डिक्शनरी'त असतात आणि ही डिक्शनरी बिल्ड करताना आपोआप तयार होते.

यातून एक पथ्य निघतं. यानात नवा बिल्ड आणि जमिनीवर जुनी डिक्शनरी, असं कधीही होऊ देऊ नका. दोन पोस्टांत वेगवेगळ्या याद्या असत्या, तर वाढदिवसाच्या घरी सांत्वनाची तार पोचली असती. इथे तापमानाच्या जागी बॅटरीचा आकडा दिसू शकतो, आणि तो आकडा पटण्याजोगा असेल तर चूक लवकर ध्यानातही येत नाही.

आज्ञेबद्दल आणखी एक. तुमच्या कंपोनंटने आज्ञा पूर्ण केल्यावर 'झाली' असं उत्तर द्यायलाच हवं. तयार साच्यात ती ओळ लिहिलेली असते. मी कोड नीटनेटका करण्याच्या भरात ती उडवली होती. मग पडद्यावर आज्ञा गेल्याची नोंद दिसते, पूर्ण झाल्याची कधीच येत नाही. एकेकटी आज्ञा देताना हे चालून जातं. पण आज्ञांची मालिका लावली, की पुढची आज्ञा आधीच्या उत्तराची वाट बघत अडून बसते.

टेबलावरून उतरून

लॅपटॉपवर जमलं की पुढची हौस रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर जायची. पायवर बिल्ड करत बसायचं नाही, ते बिचारं दमतं. लॅपटॉपवरच पायच्या चिपसाठी बिल्ड करायचं. जनरेट करताना शेवटी ६४ बिटी आर्म लिनक्सचं नाव द्यायचं, म्हणजे वेगळी आखणी होते. तयार प्रोग्रॅम पायवर नेऊन टाकायचा, लॅपटॉपवर फक्त जमिनीचं केंद्र चालवायचं, पायला त्याचा पत्ता द्यायचा. एलईडी उघडझाप करण्याचा धडा प्रकल्पानेच तयार ठेवला आहे आणि तो वेळ देऊन करावा असा आहे.

त्यात 'पॅरामीटर' भेटतो. एलईडी किती वेळाने लुकलुकावा, हा आकडा नव्या सॉफ्टवेअरशिवाय बदलता यावा म्हणून. बदलायच्या पायऱ्या मात्र तीन: नवा आकडा लागू करणं, तो पॅरामीटर सांभाळणाऱ्या विभागाकडे सोपवणं, आणि त्या विभागाला तो फाईलमध्ये लिहायला सांगणं. पहिल्या पायरीवरच खूश होऊन वीज काढलीत, तर पुन्हा सुरू झाल्यावर एलईडी जुन्याच चालीने लुकलुकतो. हे मुद्दाम असं आहे. नवा आकडा घातक निघाला तर यान पुन्हा सुरू होताना जुन्या, जमलेल्या आकड्यावर परत येतं.

एफ प्राइम हेच एकमेव नाही, हेही सांगायला हवं. नासाच्याच मेरिलँडमधल्या गोडार्ड केंद्राचं सीएफएस हे फ्रेमवर्क आहे, तेही खुलं आणि वयाने मोठं. चंद्राभोवती २००९ पासून फिरणाऱ्या एलआरओ यानावर त्याचा गाभा होता. तिथली रीत वेगळी. एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखी निरोपांची एक सामाईक वाहिनी असते. ज्याला जे हवं ते त्याने कान देऊन ऐकायचं. एफ प्राइममध्ये प्रत्येक तार हाताने ओढलेली. मोठ्या यानासाठी, जिथे वेगवेगळे गट वेगवेगळे ॲप लिहितात, भोंगा सोयीचा. मला स्वतःला तारा आवडतात, कारण कोण कुणाशी बोलतंय ते एका नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. ज्याला शिकायचं आहे त्याने दोन्ही उभं करून बघावं.

हजेरी

आता तो राखणदार. एफ प्राइममध्ये 'हेल्थ' नावाचा विभाग असतो. शाळेत गुरुजी हजेरी घेतात तसा तो ठरावीक वेळाने प्रत्येक ॲक्टिव्ह कंपोनंटला एक आकडा पाठवतो. कंपोनंटने तोच आकडा परत द्यायचा. गंमत अशी की ही हाकसुद्धा इतर अर्जांसारखी पेटीतच पडते. कारकून आधीच्याच अर्जात अडकला असेल, तर हाकेपर्यंत पोचणारच नाही, आणि तेच तर तपासायचं आहे. मित्राची हजेरी लावणारे इथे चालत नाहीत. चुकीचा आकडा परत दिला तरी गुन्हा धरला जातो. हे सगळं सुरळीत असेल तोवर हेल्थ वॉचडॉगला थोपटत राहतो.

करून बघायचं असेल तर तुमच्या ॲक्टिव्ह कंपोनंटला हजेरीचे दोन पोर्ट द्या, एक हाक घ्यायला आणि एक उत्तर द्यायला, आणि टोपोलॉजीत त्याच्या मर्यादा लिहा. प्रकल्पाच्या नमुन्यात तीन फेऱ्या चुकल्या की इशारा, पाच चुकल्या की घातक, असे आकडे आहेत, तेच ठेवा. मग 'अडक' नावाची एक आज्ञा तयार करा आणि तिच्या आत कधीही न संपणारा लूप लिहा. लूप अगदी रिकामा ठेवू नका, कंपायलर हुशारी करून तो उडवू शकतो. आत थोडी झोप घाला. बिल्ड करा, केंद्र उघडा, घडामोडींचा पडदा समोर ठेवा आणि 'अडक' पाठवा.

पहिल्यांदा काहीच होत नाही. आज्ञा गेल्याची नोंद दिसते, पूर्ण झाल्याची येत नाही. नो-ऑप पाठवून बघा, तिला उत्तर येतं. बाकीची कचेरी चालू आहे, एकच टेबल अडलंय. थोड्या वेळाने इशाऱ्याची ओळ: तुमच्या कंपोनंटच्या नावाने हजेरी उशिराची. आणखी दोन फेऱ्या. मग लाल ओळ, 'फेटल', आणि कोपऱ्यातली हिरवी खूण जाते. टर्मिनलवर प्रोग्रॅम बंद पडलेला असतो.